करड्या उजेडातली शेपटी

माझ्या भावाचं सगळं आयुष्य पुण्यात वर्तमानपत्रांसाठी फोटो काढण्यात गेलं. माझी मुलगी उन्हाळाभर बोस्टनहून सुटणाऱ्या देवमासे दाखवणाऱ्या बोटीवर असते. प्रवाशांना माहिती सांगायची आणि दिसेल त्या देवमाशाचा नोंदीसाठी फोटो घ्यायचा, हे तिचं काम. दोघं पावसाळी हवेत स्टेलवेगन बँक या समुद्रातल्या उथळ पट्ट्यावर जाऊन आले आणि ओले कपडे बदलायच्या आतच वाद सुरू झाला. मी तेव्हा लेकीकडेच होते. दोघंही आपापल्या कामात मुरलेले, त्यामुळे मी फारशी मध्ये पडले नाही. जिथे राहवलं नाही तिथे माझं म्हणणं कंसात घातलं आहे.

मामा: खरं सांगू? फोटोच्या दृष्टीने आजचा दिवस वाया गेला. आकाश करडं, पाणी करडं आणि त्यात देवमासाही करडा. चौकटीत नजर ठरायला काही हवं ना! असा फोटो मी टेबलावर ठेवला असता, तर संपादकाने आधी तो उलटा करून मागे काय लिहिलंय ते वाचलं असतं.

भाची: मीही तेच करते. शेपटी कुणाची, कधी दिसली, कुठे दिसली, हे सोबत नसेल तर माझ्या लेखी तो फोटो अर्धाच.

मामा: म्हणजे पासपोर्टचा फोटो.

भाची: हो, तसाच. हंपबॅक जातीचा देवमासा खोल बुडी मारताना शेपटी वर काढतो. तिच्या खालच्या बाजूला जी काळी-पांढरी नक्षी असते, ती प्रत्येकाची निराळी. काही शेपट्या जवळजवळ पांढऱ्या, काही अगदी काळ्या, बाकीच्या अधल्यामधल्या. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत त्यांचे एक ते पाच गट करतात. मग कडेचे दाते, ओरखडे, किलर व्हेलच्या दातांच्या समांतर रेघा. एवढं दिसलं की काम झालं. मागे ऊन होतं की पाऊस, याने काही बिघडत नाही.

मामा: तुझं नाही बिघडत. त्या बोटीवर अर्धे लोक कठड्याला धरून उलट्या करत होते, त्यांचं काय?

भाची: आज लाटा चार फुटांच्या होत्या. लोक फूट ऐकून घाबरतात. आम्ही फुटांबरोबर सेकंद बघतो. बोस्टनबाहेर समुद्रात जो बोया आहे, तो लाटेची उंचीही कळवतो आणि दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात तेही. नऊ सेकंदांनी येणारी चार फुटी लाट बोटीला सावकाश उचलते, सावकाश खाली ठेवते. तीच लाट चार सेकंदांनी यायला लागली की उभं राहवत नाही, कॅमेरा डोळ्याला लावणं तर दूरच. आणि ईशान्येचा जोराचा वारा असला की कॅप्टन बोट सोडतच नाही. बाकी बाजूंनी जमीन आहे, केप कॉड भूशिराचा हात आहे. त्या बाजूला उपसागर उघडा.

मामा: बोट सुटली म्हणजे फोटो निघाला असं होत नाही ना. जिकडे बघावं तिकडे लाटांना फेस फुटलेला. त्यात फवारा शोधायचा कसा?

भाची: ते खरं आहे. मोजणीला निघालेले शास्त्रज्ञसुद्धा वारा वाढून समुद्र फेसाळला की मोजणी थांबवतात. देवमासा नव्हता म्हणून दिसला नाही की फेसात हरवला म्हणून, ते सांगता येत नाही. पण वाऱ्याचं वेगळं आणि ढगांचं वेगळं. तू दोन्ही एकाच गाठोड्यात बांधतोयस. नुसते ढग असतील, तर मी म्हणेन फोटोला याहून चांगला उजेड नाही. मागे काळं आभाळ असलं की पांढरा फवारा किती लांबून उठून दिसतो! फिन व्हेलचा उंच खांबासारखा, हंपबॅकचा बुटका आणि झुडपासारखा, राइट व्हेलचा मध्ये फाटून दोन बाजूंना जाणारा. जात फवाऱ्यावरूनच कळते. उन्हाच्या दिवशी पाणी इतकं चमकतं की डोळे दुखायला लागतात.

मामा: चमक पाहिजेच! ओल्या पाठीवरून ऊन घरंगळतं तेव्हा त्या अंगाची गोलाई कळते. आज पाठ म्हणजे नुसती काळी सपाट पट्टी.

भाची: त्या चमकेखाली काय झाकलं जातं ते सांगू? कातडी. दोर. इथल्या हंपबॅकांपैकी निम्म्याहून जास्त देवमाशांच्या अंगावर कधी ना कधी मासेमारीच्या दोरात अडकल्याच्या खुणा आहेत. बहुतेक खुणा शेपटीच्या बुडाशी असतात, जिथे शेपटी धडाला जोडते तिथे. उन्हात ती जागा काचेसारखी लकाकते आणि वळ दिसत नाही. ढगाळ उजेड सगळीकडून सारखा पडतो. जुना पांढरा वळ कोणता आणि ताजी जखम कोणती, हे अशाच करड्या फोटोत कळतं. कधी दोर अजून अंगावर असतो. तेव्हा आम्ही लगेच रेडिओवर कळवतो आणि सुटका करणारे येईपर्यंत बोट लांब उभी करून त्या देवमाशावर नजर ठेवतो. प्रॉव्हिन्सटाउनचं सेंटर फॉर कोस्टल स्टडीज १९८४ पासून हे दोर सोडवण्याचं काम करतंय. निघण्याआधी त्यांना फोटो हवे असतात. दोर कुठून कुठे गेलाय, तोंडात आहे की परावर की शेपटीला, किती फेरे पडलेत. तेव्हा कुणी विचारत नाही की चौकट कशी साधली आहे.

(इथे भाऊ थोडा वेळ गप्प बसला. त्याने पुरातले, दंगलीतले फोटो काढलेले आहेत. कुठला फोटो कशासाठी लागतो, हे त्याला सांगायला नको.)

मामा: ठीक आहे. पण मग एक कबूल कर. असं करडं काम करायला माणसं तयार कशामुळे झाली? आधी कुणीतरी त्यांना हलवलं म्हणूनच ना? १९७० मध्ये रॉजर पेन यांनी हंपबॅकच्या गाण्यांची तबकडी काढली. लोकांनी ती घरात लावून ऐकली. तोपर्यंत देवमासा म्हणजे तेल आणि मांस. त्या आवाजाने लोकांचं मन पालटलं. पुढे १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला, त्यामागे ती हललेली माणसं होती. तुझे एक ते पाच गट नव्हते. फोटोचंही तसंच आहे. बघणाऱ्याच्या छातीत काही हललं नाही तर तो फोटो कपाटात जातो.

भाची: मामा, त्याच पेन यांनी १९७० मध्येच अर्जेंटिनात, पेनिन्सुला वाल्देसला, राइट व्हेलच्या डोक्यावरच्या खरखरीत चट्ट्यांचे फोटो घेऊन एकेक देवमासा ओळखायला सुरुवात केली. गाणं त्यांचंच आणि नोंदवहीही त्यांचीच. आणि त्याआधी ओळख कशी पटवायचे माहीत आहे? पोलादी नळ्या. डिस्कव्हरी मार्क म्हणायचे त्यांना. नळीवर क्रमांक घालून ती बंदुकीने देवमाशाच्या अंगात मारायची. मग तो कुठे गेला, हे कधी कळणार? त्याची शिकार होऊन जहाजावर तुकडे होताना नळी हाताला लागली तर. म्हणजे एका देवमाशाच्या प्रवासाची एकच ओळ लिहिता यायची आणि तीही तो मेल्यावर. फोटोने ते संपलं. आपल्याला आवडो न आवडो, हाच काठाकाठाने काळवंडलेला, पावसाचे थेंब उमटलेला फोटो त्या नळीच्या जागी आलाय.

(हे मला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर मी मनाने लेकीच्या बाजूची झाले, हे सांगून टाकते.)

मामा: हे तू आधी सांगायला हवं होतंस.

भाची: सॉल्ट या हंपबॅक मादीचं नाव तर ऐकलं आहेस. पाठीवरच्या परावर मिठासारखे पांढरे डाग, म्हणून सॉल्ट. १९७० च्या दशकापासून लोक तिला इथे बघतायत. ती इथली उन्हाळ्यातली पाहुणी हिवाळ्यात डोमिनिकन रिपब्लिकजवळ दिसली, तेव्हा इथले हंपबॅक पिल्लांसाठी कुठे जातात त्याचा धागा लागला. तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळ्यांच्या शेपट्यांचे फोटो आहेत. एवढी वंशावळ लिहायला प्रत्येक वर्षी ऊन पडायची वाट बघून कसं चाललं असतं?

मामा: बरं, मान्य. आता कामाचं बोलू. तुझी पद्धत मी आज नीट बघितली. एवढ्या हलणाऱ्या बोटीवर तू वरच्या डेकला का जातेस? वर झोका जास्त. खाली पाण्याजवळ उभं राहिलं की शेपटी आभाळावर येते, उंच दिसते.

भाची: खाली मधल्या लाटेने शेपटीचा अर्धा भाग कापला जातो. वरून पूर्ण दिसते. झोक्यावर उपाय आहे. गुडघे सैल ठेवायचे, कोपरं बरगड्यांना टेकवायची, कठड्याला मात्र टेकायचं नाही. इंजिनाची थरथर कठड्यातून थेट हातात येते. बोट लाटेच्या माथ्यावर पोचली की क्षणभर थांबल्यासारखी होते, तेवढ्यात बटण दाबायचं. शटर हजाराच्या खाली आणत नाही. त्यासाठी आयएसओ सोळाशे लागो, बत्तीसशे लागो.

मामा: दाणे येतात की.

भाची: येऊ देत. दाण्यांतून शेपटी ओळखता येते, हललेल्या फोटोतून नाही. आणि तू भिंगावर तो पोलरायझर लावून आला होतास. उन्हात ठीक, पण आधीच उजेड कमी, त्यात तो निम्म्याहून जास्त खाऊन टाकतो. उजेडाचं गणितही आपण हाताने सुधारायचं. चौकटीत पांढरं आभाळ जास्त आलं की कॅमेऱ्याला वाटतं लख्ख उजेड आहे आणि देवमासा कोळशासारखा काळा करून देतो. मी अर्धा-एक स्टॉप वर चढवून ठेवते.

मामा: आणि ते पुसणं. तू भिंगाला कोरडं कापड लावूच देत नाहीस.

भाची: खारं पाणी भिंगावर वाळतं आणि त्याचे बारीक खडे होतात. कोरड्या कापडाने पुसलं तर तेच खडे भिंगावर घासतात. म्हणून एका डबीत गोड्या पाण्यात भिजवलेलं कापड, दुसऱ्या खिशात कोरडं. आधी ओलं नुसतं टेकवायचं, मीठ विरघळू द्यायचं, मग कोरड्याने टिपायचं. आणि चहा प्यायला आत गेलास तेव्हा कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून गेलास. बाहेरचा गार कॅमेरा आतल्या उबेत नेला की भिंगावर वाफ धरते आणि पुढच्या फवाऱ्याला तू पुसतच बसतोस. पिशवीत घालून, तोंड बंद करूनच आत न्यायचा. नाहीतर बाहेरच ठेवायचा.

मामा: शेपटी वर येणार हे तुला आधी कसं कळतं? मी दर वेळी उशिरा.

भाची: तू फवाऱ्यावर बटण दाबतोस. फवारा म्हणजे नुसता श्वास. देवमासा तीन-चार वेळा श्वास घेईल, पाठ दर वेळी चपटीच पाण्यात सरकेल. मग एकदा पाठीची कमान नेहमीपेक्षा उंच होते, पाठीवरच्या परामागची कण्याची गाठ न् गाठ वर आलेली दिसते. ती शेवटची. तिथून एक-दोन सेकंदांत शेपटी. पण आपण त्याच्या मागे असायला हवं, तरच खालची बाजू समोर येते. बाजूने काढली तर नुसती रेघ मिळते. आणि गेल्यावर तिथे पाण्यावर जो गुळगुळीत गोल राहतो, आजूबाजूला लाटा असूनही तेलकट वाटावा असा, तो शेपटीच्या फटकाऱ्याने वर चढलेल्या पाण्याचा. पावसाचे थेंब त्यावर पडतात तेवढेच काय ते उमटतात. तू त्याचाही फोटो घेतलास, मी बघितलं.

मामा: तो मला आवडला. आजच्यातला तेवढा एकच. पण आता माझा खरा राग ऐक. दुपारी धुकं उतरलं. पाच मिनिटांत बोटीचं पुढचं टोक दिसेना. सौंदर्य, नोंद, सगळं बाजूला ठेव. पाण्याखालून देवमासा वर येणार आणि आपण एवढं धूड घेऊन त्याच्या डोक्यावर. कशासाठी? त्याच्या शेपटीच्या फोटोसाठी? त्याच्या भल्याची नोंद करायची आणि त्यालाच धडकायचं, हा काय न्याय झाला?

भाची: इथे मी तुझ्याशी भांडणार नाही. धुक्यात कॅप्टनने काय केलं ते आठव. वेग उतरवला, मग थांबवलंच. भोंग्याचे दोन लांब आवाज झाले, थोड्या वेळाने परत दोन. एक लांब भोंगा म्हणजे बोट चालली आहे, दोन म्हणजे बोट थांबून आहे. आजूबाजूच्या बोटींना ते कळतं.

मामा: देवमाशाला कळत नाही.

भाची: नाही. म्हणूनच इथे कायदे करावे लागले. राइट व्हेल अटलांटिकच्या या बाजूला चारशेहूनही कमी उरलेत. तो काळा, पाठीवर पर नाही, आणि तोंड उघडं ठेवून पाण्याच्या वरच्या थरातून संथ पोहत खातो. स्वच्छ हवेतसुद्धा तो पटकन दिसत नाही. त्याच्यापासून पाचशे यार्ड, म्हणजे साधारण साडेचारशे मीटर, लांब राहायचं. फोटोसाठीही जवळ जाणं नाही. २००७ मध्ये बोस्टन बंदराला येणाऱ्या मोठ्या जहाजांची वाट सरकवली, कारण जुनी वाट देवमाशांच्या गर्दीतून जात होती. २००८ पासून ठरावीक भागांत, ठरावीक महिन्यांत ६५ फूट किंवा त्याहून मोठ्या जहाजांना दहा नॉटची मर्यादा आली. मला विचारशील तर धुकं असलं की फोटो विसरायचा, इंजिन बंद करायचं आणि नुसतं ऐकायचं. देवमासा श्वास सोडतो तेव्हा तो कुठल्या दिशेला आहे ते कानाने कळतं.

मामा: म्हणजे हवा वाईट म्हणून फोटो टाळायचा नाही, पण त्याला दिसणार नाही, आपल्याला दिसणार नाही, अशी वेळ आली की थांबायचं.

भाची: आणि ते कॅमेरावाल्याने ठरवायचं नाही. कॅप्टनने ठरवायचं.

मामा: आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. जून-जुलैत मासेमारीच बंद. कोकणात बहुतेकांनी देवमासा बघितलाय तो किनाऱ्याला लागलेला, मेलेला नाहीतर मरणारा. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला लागला होता ना, बेचाळीस फुटी? सगळ्यांनी फोटो काढले. समुद्रात पोहताना कोण बघतो?

भाची: म्हणूनच तिथे वाईटातला वाईट फोटोही मोलाचा. अरबी समुद्रातले हंपबॅक बाकी जगातल्या हंपबॅकांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर तिथेच राहतात. त्यांचा वंश इतरांपासून हजारो वर्षांपूर्वी तुटलेला. १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी तिथे दोनशेहून जास्त मारले, तेही लपवून. ओमानजवळ त्यांची संख्या शंभराच्या आत असेल असा अंदाज आहे आणि तो अंदाजही शेपट्यांच्या आणि पाठीवरच्या परांच्या फोटोंवरूनच बांधलाय. त्यांतली एक मादी, लुबान, २०१७ च्या शेवटी उपग्रहाचा टॅग लावलेली असताना ओमानहून अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, तिथून किनाऱ्याने दक्षिणेला गेली आणि परत फिरली. तेव्हा मालवणच्या किंवा वास्कोच्या एखाद्या ट्रॉलरवरच्या पोराने मोबाइलवर काळीकुट्ट, हललेली शेपटी टिपली असती, तर ती शंभरांतली एक ठरली असती. त्याला कुणी सांगायला हवं की हा फोटो पुसून टाकू नकोस, कुणाला तरी पाठव.

(भाऊ परतल्यावर मालवणला जायचं म्हणतो आहे. तिथल्या मच्छीमारांना शेपटीचा फोटो कसा घ्यायचा ते दाखवेन म्हणतो. मला ते मनापासून पटलं आहे.)

मामा: पाठवायचा कुठे?

भाची: हॅपीव्हेल म्हणून संकेतस्थळ आहे, २०१५ पासून. प्रवाशांनी, खलाशांनी, कुणीही काढलेली शेपटी तिथे टाकायची. संगणक ती आधीच्या फोटोंशी ताडून बघतो. हंपबॅकच्या बाबतीत तर फार क्वचित चुकतो. तुझ्या आजच्या तीन-चार शेपट्या मी पाठवते.

मामा: थांब, आधी मी जरा काम करतो त्यांच्यावर. आभाळ थोडं दाबतो, शेपटी उजळतो, ते दाणेही काढतो. अंधाऱ्या खोलीत हाताची सावली करून हेच करत आलोय.

भाची: आभाळ दाब, शेपटी उजळ. त्याने नक्षी बदलत नाही. दाण्यांना मात्र हात लावू नकोस. हल्लीची सॉफ्टवेअरं दाणे काढतात आणि त्या जागी काय असावं ते स्वतःच्या मनाने भरतात. शेपटीवर नसलेला ओरखडा उमटतो, असलेला पुसला जातो. मग ती शेपटी कुठल्याच देवमाशाची राहत नाही. भिंतीवर लावायच्या प्रतीवर काय हवं ते कर. नोंदीला मूळ फाईल.

मामा: ट्राय-एक्स फिल्म सोळाशेला ताणून मी हयात काढली. दाण्यांचं मला वावडं नाही. चांगला दिसावा म्हणून म्हणत होतो. मूळच देतो. पण इतका धूसर, ओळखू आला नाही तर?

भाची: तर ‘अनोळखी’ म्हणून राहील. पुढे कुणाला तीच शेपटी स्वच्छ मिळाली की मागे जाऊन जुळवतील. फक्त वेळ बरोबर हवी. तुझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ कुठल्या वेळेवर आहे?

मामा: कुठल्या म्हणजे? पुण्याच्या. इथे आल्यावर बदललंच नाही.

भाची: मग साडेनऊ तास पुढे आहे. दुपारी अडीचनंतरच्या सगळ्या फोटोंवर उद्याची तारीख असणार. आण इकडे, आधी ते लिहून ठेवू.